कागदावरची फुली

अंगठा उठविण्यापूर्वी कागद कोणा शिकलेल्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा, ही आपल्या खेड्यापाड्यांतील वडील माणसांची शिकवण आहे. गोव्याकडील आमच्या वाचकांच्या पेटाऱ्यांत पोर्तुगीज अमदानीतील दस्तऐवज असतील. बेळगावकडील घरांतून मराठी व कानडी अशा दोन्ही लिप्यांतले उतारे असतील. कागदावरचे अक्षर आपणांस लागत नाही, मात्र सहीची जागा आपल्यासाठीच मोकळी ठेवलेली आहे, ही अवस्था कशी असते हे अशा घरांस निराळे सांगावयास नको. म्हणून ज्याची सारी सत्ता अशा कागदांवर उभी राहिली, त्या एका गृहस्थाचे चरित्र आम्ही या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत. हिऱ्यांच्या खाणींचा हा मालक आफ्रिकेतील एका वसाहतीचा मुख्य प्रधान झाला आणि त्याच्या हयातीतच एका विस्तीर्ण प्रदेशास त्याचे नाव मिळाले.

सेसिल जॉन ऱ्होड्स ५ जुलै १८५३ रोजी इंग्लंडातील बिशप्स स्टॉर्टफर्ड या गावी जन्मला. वडील अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक. आपल्या मुलांनीही हाच मार्ग धरावा अशी त्यांची फार इच्छा होती. पण एकही मुलगा त्या वाटेस गेला नाही. सेसिलची प्रकृती नाजूक. हवापालट व्हावा म्हणून १८७० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याला थोरल्या भावाकडे दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत धाडण्यात आले. (हे नाव आपल्या ओळखीचे आहे खरे. वास्को द गामाने १४९७ च्या ख्रिस्तजयंतीच्या सुमारास तो किनारा पाहिला, म्हणून पोर्तुगीजांनी त्यास ते नाव दिले.) भावाने तेथे कापसाची शेती मांडली होती. ती काही फळास आली नाही. इतक्यात उत्तरेकडे हिरे सापडल्याचा बोभाटा झाला आणि १८७१ मध्ये दोघेही बंधू तिकडे वळले.

द बेअर नावाच्या दोघा बोअर भावांचे ते रान. तेथे पुढे किंबर्ली हे शहर वसले. सुमारे एकतीस फूट लांब आणि तितकीच रुंद अशी एकेक पट्टी एकेका माणसाला खणावयास मिळे. शेजारच्याने अधिक खोल खणले की आपली पट्टी भिंतीसारखी उभी राही आणि पावसात कोसळे. माती वर ओढण्यासाठी काठापासून तळापर्यंत शेकडो तारा ताणलेल्या असत; त्या काळची छायाचित्रे पाहिली तर कोळ्याचे अवाढव्य जाळेच डोळ्यांपुढे येते. त्या गर्दीत हा किडकिडीत पोरगा बादलीवर बसून हिरे निवडी, आणि मध्येच ऑक्सफर्डच्या परीक्षेचा अभ्यास करी. १८७३ साली तो ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात दाखल झाला. अर्धे आयुष्य खाणीत आणि अर्धे महाविद्यालयात अशी ये-जा करीत १८८१ मध्ये त्याने पदवी मिळविली. ही चिकाटी कोणीही मान्य करील.

खाण खोल गेली तसे पाणी लागले. इतर लोक हिऱ्यांमागे धावत असता ऱ्होड्सने व त्याचा भागीदार चार्ल्स रड याने पाणी उपसण्याचा मक्ता घेतला. पट्टीवाल्यांचे नशीब फिरो वा न फिरो, पंपाचे पैसे ठरलेलेच! त्या पैशांतून तो एकेक पट्टी विकत घेत गेला. १८८० साली डी बिअर्स मायनिंग कंपनी निघाली. शेजारच्या किंबर्ली खाणीत बार्नी बार्नाटो हा लंडनच्या गरीब वस्तीतून आलेला गृहस्थ प्रबळ होता. दोघांची झुंज लागली. रॉथशिल्ड पेढीचा पैसा ऱ्होड्सच्या पाठीशी उभा राहिला आणि मार्च १८८८ मध्ये डी बिअर्स कन्सॉलिडेटेड ही एकच मोठी कंपनी अस्तित्वात आली.

या कंपनीचा घटनालेख हा आमच्या चरित्रनायकाचा पहिला मोठा कागद. हिऱ्यांच्या कंपनीला हिऱ्यांचा व्यापार करण्याचा अधिकार असावा, हे कोणासही कळते. पण ऱ्होड्सने त्यात रेल्वे बांधण्याचा, मुलूख मिळविण्याचा, किंबहुना फौज ठेवण्याचाही अधिकार घालून घेतला. किंबर्ली सेंट्रल कंपनीच्या काही भागीदारांनी यास न्यायालयात हरकत घेतली. आपल्यासारख्याच दुसऱ्या कंपनीत विलीन होण्याची मुभा आम्हांस आहे, परंतु राज्ये जिंकू पाहणारी ही कंपनी आमच्यासारखी कोठे आहे, असा त्यांचा सवाल. न्यायमूर्तींना तो पटला. त्यावर ऱ्होड्सने सरळ ती कंपनीच मोडीत काढवली आणि तिची सारी मालमत्ता ५३,३८,६५० पौंडांच्या एका धनादेशाने १८८९ मध्ये विकत घेतली. त्यानंतर थोड्याच वर्षांत जगातील हिऱ्यांच्या उत्पन्नापैकी सुमारे नऊदशांश या एका कंपनीच्या मुठीत आले.

खाणीत प्रत्यक्ष उतरत कोण होते? बसुतोलँडातून, पोर्तुगीज मोझांबिकातून, उत्तरेकडील रानांतून पायी चालत आलेले काळे मजूर. १८८५-८६ पासून त्यांच्यासाठी बंदिस्त वाडे उभारण्यात आले. भोवती उंच कुंपण, हिरे बाहेर फेकता येऊ नयेत म्हणून वरही तारेची जाळी. कराराचे महिने संपेतो मजुराने वाड्यातून खाणीत आणि खाणीतून वाड्यात जावे. बाहेरच्या जगाचे दर्शन नाही. सामानसुमान कंपनीच्याच दुकानातून घ्यावयाचे. करार संपला तरी काही दिवस त्याला उघडा कोंडून ठेवीत, एखादा खडा पोटात तर नेत नाही ना हे पाहण्यासाठी. गोऱ्या कामगारांनी असल्या झडतीविरुद्ध संप केला आणि त्यांच्यासाठी ती सैल झाली. शिवाय कंपनीने सरकारकडून कैदीही कामास घेतले. जुलै १८८८ मध्ये डी बिअर्स खाणीत आग लागून दोनशेंवर माणसे मेली. त्यांत बहुतेक काळी होती. खाणीच्या मुलखातील वाचकांना, मग ती लोखंडाची असो वा मँगेनीजची, मजुराची चाळ कशी असते हे माहीत आहे. तरीही वर जाळी घातलेली चाळ त्यांनी पाहिली नसेल.

आता दुसऱ्या कागदाकडे वळू. खरे पाहता त्यासाठीच हा लेख आम्ही लिहावयास घेतला.

लिंपोपो आणि झांबेझी या नद्यांच्या मध्ये एन्देबेले लोकांचा राजा लोबेंगुला राज्य करीत होता. इंग्रज या लोकांना मटाबेले म्हणत. १८८६ मध्ये ट्रान्सवालात सोन्याचा शोध लागल्यापासून लोबेंगुलाच्या मुलखातही सोने असणार अशी सर्वांची अटकळ होती, आणि बुलावायो येथील त्याच्या वाड्यासमोर परवाना मागणाऱ्या गोऱ्यांची रीघ लागली होती. ऱ्होड्सने आपल्या बाजूने तिघांना धाडले: भागीदार रड, कायदेपंडित मॅग्वायर आणि देशी भाषा जाणणारा थॉम्पसन. आठवड्यांमागून आठवडे बोलणी चालली आणि ३० ऑक्टोबर १८८८ रोजी लोबेंगुलाने कागदावर फुली केली.

त्याला काय मिळावयाचे होते? दरमहा शंभर पौंड, एक हजार बंदुका, एक लक्ष काडतुसे आणि झांबेझी नदीवर एक तोफांची आगबोट. बोट न दिल्यास पाचशे पौंड. त्याने काय दिले? आपल्या राज्यातील सर्व धातूंचा व खनिजांचा संपूर्ण ताबा, आणि ती काढण्यासाठी जे जे आवश्यक वाटेल ते ते करण्याची मुखत्यारी. लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री चार्ल्स हेल्म यांनी हा मजकूर राजाला समजावून सांगितला. हेल्मसाहेबांनीच पुढे आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे की, दहाहून अधिक गोरी माणसे खणावयास आणणार नाही आणि ती माणसे राजाच्या प्रजेप्रमाणे त्याच्या कायद्यात वागतील, असे वचन तोंडी देण्यात आले होते. परंतु कागदावर त्या दहा माणसांचा मागमूसही नाही.

वाचकहो, हेल्मसाहेब अप्रामाणिक होते असे आम्हांस वाटत नाही. परवाना कोणा तरी एका मोठ्या संघाकडे जावा, म्हणजे चिल्लर उपटसुंभांचा त्रास चुकेल, असे त्यांचे प्रामाणिक मत दिसते. पण जे तोंडी बोलले गेले ते लिहिलेले नाही, हे त्या खोलीत राजाखेरीज जवळजवळ सर्वांना दिसत होते.

तो कागद घेऊन रड दक्षिणेकडे निघाला आणि वाळवंटात वाट चुकला. पाण्यावाचून मरणार असे वाटून त्याने कागद एका जनावराच्या बिळात लपविला. तेथल्या रहिवाशांनी त्याला पाणी पाजून वाचविले. नाही तर एका देशाचा इतिहास त्या बिळातच राहिला असता.

इकडे दुसऱ्या गोऱ्यांनी राजाला त्या मजकुराचा खरा अर्थ सांगितला. लोबेंगुला संतापला. परवान्याच्या बाजूने बोलणाऱ्या लोत्शे या आपल्या सरदाराला त्याने ठार करविले. ही क्रूरता लपविण्याचे आम्हांस कारण नाही. तो राजा कोणी साधुपुरुष नव्हता. त्याने दोघा वृद्ध सरदारांना थेट इंग्लंडच्या राणीकडे पाठविले. १८८९ च्या वसंतात व्हिक्टोरिया राणीने विंडसर येथे त्यांची भेट घेतली, आणि तिच्या मंत्र्याने राजाला जे उत्तर दिले ते मोठे मार्मिक होते. परक्याला राजा एक बैल देतो, सगळे खिल्लार देत नाही, अशा आशयाचा सल्ला त्यात होता. उत्तर हाती पडण्यास काही महिने लागले. आणि त्याच राणीच्या सरकारने २९ ऑक्टोबर १८८९ रोजी ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला त्या सगळ्या खिल्लाराची सनद दिली.

ती मिळविण्यासाठी ऱ्होड्सने बऱ्याच खटपटी केल्या होत्या. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी झगडणाऱ्या पार्नेल यांच्या पक्षाला त्याने १८८८ मध्ये दहा हजार पौंड देऊ केले होते. आमच्या वाचकांना आयरिश कॅथलिकांविषयी आपुलकी आहे. पण पार्लमेंटात सनदेला विरोध करू शकले असते असे आयरिश सभासद गप्प राहिले, याचीही नोंद घेतली पाहिजे. गंमत अशी की, रडचा तो परवाना मुळी सनदी कंपनीच्या मालकीचाच नव्हता. ऱ्होड्स व त्याचे सोबती यांनी तो दुसऱ्याच एका मंडळीच्या नावे ठेवला होता, आणि हे इंग्रज सरकारला कळले ते सनद देऊन झाल्यावर. न वाचता फुली करणारा एकटा लोबेंगुलाच नव्हता तर!

१८९० मध्ये कंपनीची तुकडी उत्तरेकडे निघाली. येणाऱ्या प्रत्येक गोऱ्यास तीन हजार एकर जमीन व सोन्याच्या पंधरा पट्ट्या देण्याचे वचन होते. परवाना होता खनिजांचा, आणि वाटली जाणार होती जमीन! सप्टेंबरमध्ये सॅलिसबरी येथे झेंडा लागला. त्या शहराचे आजचे नाव हरारे. या तुकडीबरोबर फादर हार्टमन हे येशूसंघीय धर्मगुरू होते. तिच्या मागोमाग मदर पॅट्रिक या आयरिश डोमिनिकन धर्मभगिनी आपल्या सोबतिणींसह आल्या आणि १८९१ पासून त्यांनी सॅलिसबरीस तापाच्या रोग्यांची जी शुश्रूषा केली, तिची आठवण तेथे अजून काढतात.

याच सुमारास एका गोंयकाराची गाठ ऱ्होड्सच्या माणसांशी पडली. मानुएल आंतोनियो द सौझा, उर्फ गोव्हेया, हा मूळचा म्हापशाचा. मोझांबिकात जाऊन त्याने गोरोंगोझा भागात स्वतःचे सैन्य बाळगून मोठी जहागीर उभी केली होती. तो पोर्तुगिजांचा भरवशाचा माणूस होता आणि त्याच्या फौजेची दहशत आसपासच्या गावांवर होती; तेव्हा त्याला केवळ दुर्दैवी म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. मनिका प्रांताचा मुटासा नावाचा राजा पोर्तुगिजांचा की कंपनीचा, हा वाद होता. नोव्हेंबर १८९० मध्ये मुटासाच्या वस्तीत गोव्हेया असताना कंपनीच्या मेजर फोर्ब्सने त्याला अचानक पकडले व दूर दक्षिणेस रवाना केले. तो परत येईपर्यंत त्याच्या मुलखात बंड पेटले होते. १८९२ मध्ये ते मोडावयास गेला असता तो मारला गेला. मुटासाने दोन्हीकडच्या कागदांवर खुणा केल्या होत्या. कोणता कागद खरा ते बंदुकांनी ठरविले.

मशोनालँडात अपेक्षेइतके सोने काही निघाले नाही. मग लोबेंगुलाच्या उरलेल्या राज्यावर दृष्टी गेली. १८९३ मध्ये लढाई झाली. मॅक्झिम तोफांपुढे एन्देबेले योद्धे हजारांनी पडले. राजा उत्तरेकडे पळाला व थोड्याच महिन्यांत मरण पावला. त्याच्या प्रजेची गुरे कंपनीने व नव्या वसाहतवाल्यांनी वाटून घेतली. राणीच्या मंत्र्याचा तो बैलाचा दृष्टांत शब्दशः खरा झाला, तो असा.

दरम्यान ऱ्होड्स जुलै १८९० पासून केप वसाहतीचा मुख्य प्रधान होता. विधिमंडळातील सभासदांना कंपनीचे भाग मूळ किमतीत मिळण्याची सोय तो करून देई, त्यामुळे मित्रांची वाण पडली नाही. १८९२ च्या कायद्याने मतदारास लागणारी मालमत्तेची अट २५ पौंडांवरून ७५ पौंडांवर नेण्यात आली आणि स्वतःचे नाव, पत्ता व धंदा लिहिता आला पाहिजे असे ठरले. ज्याची संपत्ती फुलीवर उभी होती, त्यानेच फुली करणाऱ्याचे मत काढून घ्यावे, याला काय म्हणावे? १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने त्या तालुक्यातील काळ्या कुटुंबास जमिनीचा एक लहानसा तुकडा बांधून दिला. तो थोरल्या मुलाकडेच जावा, आणि धाकट्यांनी मजुरीस बाहेर पडावे. वर्षातून तीन महिने बाहेर काम न करणाऱ्यावर दहा शिलिंगांचा कर. आळस घालविण्यासाठी हा कायदा आहे, असे ऱ्होड्सने सांगितले. नांगराच्या मागे चालणाऱ्या माणसाला आळशी कोण ठरवितो, हा प्रश्न आमच्या शेतकरी वाचकांनाही अधूनमधून पडत असेलच.

त्याच्या राजकारणाचा शेवट एकदम झाला. ट्रान्सवालातील क्रूगर यांचे बोअर सरकार उलथून पाडण्याचा त्याने गुप्त घाट घातला. २९ डिसेंबर १८९५ रोजी त्याचा मित्र डॉक्टर जेमसन सुमारे पाचशे स्वार घेऊन सरहद्द ओलांडून गेला, आणि चार दिवसांनी, २ जानेवारी १८९६ रोजी, सर्वांसह शरण आला. ऱ्होड्सला प्रधानपद सोडावे लागले. जेमसनने कंपनीचे पोलीस बरोबर नेलेले, त्यातच गुरांवर मरीची साथ आली. एन्देबेले आणि पाठोपाठ शोना लोक उठले. ऑगस्ट १८९६ मध्ये ऱ्होड्स मोजक्या सोबत्यांसह, निःशस्त्र, मटोपोच्या डोंगरात बंडखोर सरदारांपुढे जाऊन बसला आणि तह करून आला. त्याच्या धैर्याची ही गोष्ट खरी आहे, आणि ती येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

शोनांशी मात्र तह झाला नाही. त्यांच्या बंडाला नेहांडा ही देवर्षीण आणि कागुवी हा पुरुष यांनी चेतविले, असे ठरवून एप्रिल १८९८ मध्ये सॅलिसबरीच्या तुरुंगात दोघांना फाशी देण्यात आले. शेवटच्या घटकेस त्यांच्यापाशी चिशावाशा मिशनचे येशूसंघीय फादर रिखार्ट्झ होते. त्यांनी तो वृत्तान्त लिहून ठेवला आहे. नेहांडाने बाप्तिस्मा नाकारला. मला माझ्या माणसांत नेऊन सोडा, असा आक्रोश करीत ती गेली. कागुवीने बाप्तिस्मा घेतला. त्याला नाव देण्यात आले दिस्मास, म्हणजे प्रभूच्या उजव्या हाताच्या क्रूसावरील पश्चात्तापी चोर. फादरांचा हेतू शुद्ध होता आणि त्या चोराला स्वर्गाचे वचन मिळाले हे आम्ही जाणतो. तरीही ज्याची भूमी गेली त्याला चोराचे नाव मिळावे, हे वाचताना आमची लेखणी अडखळते. चिशावाशाची ती विस्तीर्ण जमीनदेखील मिशनला मिळाली होती ती कंपनीकडूनच.

ऱ्होड्सचे उरलेले आयुष्य थोडे. बोअर युद्धात किंबर्लीचा वेढा १२४ दिवस चालला, तेव्हा तो शहरातच होता. २६ मार्च १९०२ रोजी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने तो वारला. लग्न नाही, मूलबाळ नाही. मृत्युपत्रे मात्र अनेक. १८७७ साली, चोविसाव्या वर्षात असताना, त्याने एक जबानी लिहिली होती. सारे जग इंग्रजांच्या राज्याखाली आणण्यासाठी एक गुप्त मंडळ काढावे असे तीत आहे. या मंडळाला नमुना कोणाचा, तर येशूसंघाचा! त्या संघाचा हेतू त्याला मुळीच पसंत नव्हता, परंतु शिस्तीची भुरळ त्याला पडली होती. शेवटच्या मृत्युपत्रात ते मंडळ नाहीसे होऊन त्याच्या जागी ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्त्या आल्या. वंशावरून वा धर्मावरून कोणास अपात्र ठरवू नये असे कलम त्यात आहे. त्याने स्वतः ते लिहिताना कोणाचा विचार केला असेल कोण जाणे. भारतीयांना ती १९४७ पासून मिळू लागली, स्त्रियांना १९७७ पासून. धारवाडचे गिरीश कर्नाड याच शिष्यवृत्तीवर १९६० मध्ये ऑक्सफर्डला गेले. किंबर्लीच्या जाळीखालच्या मजुराचा पैसा असा कोठल्या कोठे पोचतो.

त्याच्या नावाच्या दोन देशांपैकी एक १९६४ मध्ये झांबिया झाला, दुसरा १९८० मध्ये झिंबाब्वे. केप टाउन विद्यापीठातील त्याचा पुतळा विद्यार्थ्यांच्या मागणीवरून ९ एप्रिल २०१५ रोजी यारीने उचलून नेण्यात आला. ओरिएल महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवरचा पुतळा काढावा की ठेवावा यावर बराच खल झाला आणि २०२१ मध्ये तो ठेवण्याचे ठरले. थडगे मटोपोच्या खडकावर आहे. त्या स्थळाला तेथले लोक पितरांचा डोंगर म्हणतात. १९०२ च्या दफनाच्या वेळी बंदुकांची सलामी देऊ नका, पितरांची शांती ढळेल, अशी एन्देबेले सरदारांनी विनंती केली होती आणि ती मानली गेली. पितळेच्या पाटीवर येथे त्याचे अवशेष आहेत एवढेच लिहिले आहे. ते पाहावयास डोंगर चढणाऱ्या प्रवाशांकडून झिंबाब्वेचे सरकारी खाते प्रवेशशुल्क घेते.